डोळ्यांपुढची तटबंदी

वर्गात फळ्यावर लिहिणे चालू असते. एप्रिल महिना, परीक्षा तोंडावर, खिडकीबाहेर पांढरेफटक ऊन. मागच्या बाकावरून एखादी मुलगी सांगते, "सर, मले फळ्यावरचं अर्धंच दिसून राह्यलं." अकोला-अमरावतीकडच्या शाळांत याची उत्तरे ठरलेली आहेत. एक म्हणजे, चष्मा लागला असेल. दुसरे, ऊन लागले आहे, कांदा हुंगायला द्या आणि सावलीत बसवा. तिसरे उत्तर सहसा मोठ्याने दिले जात नाही, पण ते शिक्षकखोलीत ऐकू येते : पेपर जवळ आला की या पोरींना असेच काहीतरी होते.

वीस-पंचवीस मिनिटांनी मुलीला पुन्हा पूर्ण फळा दिसू लागतो आणि मग डोक्याची एक बाजू ठणकायला लागते. मळमळते, उजेड नकोसा होतो, वर्गातला गोंगाट सहन होत नाही. घरी नेल्यावर अंधाऱ्या खोलीत झोपून संध्याकाळी ती बरी होते. दुसऱ्या दिवशी चष्म्याच्या दुकानात नंबर तपासला तर शून्य निघतो. म्हणजे तिसरे उत्तरच खरे, असे सगळ्यांना वाटते आणि मुलगीही पुढच्या वेळी काही सांगत नाही.

या वीस-पंचवीस मिनिटांना लिखित इतिहास आहे. त्यात एक रसायनशास्त्रज्ञ आहे, इंग्लंडचा राजखगोलज्ञ आणि त्याचा डॉक्टर मुलगा आहेत, एक मानसशास्त्रज्ञ आहे, सशाचा मेंदू आहे आणि अगदी अलीकडे मुंबईतला एक डोकेदुखीचा दवाखानाही आहे. तो इतिहास शिक्षकांना माहीत असावा असे आम्हाला वाटते. कारण ज्यांना हे दिसत होते त्यांनी ते नीट पाहिले, लिहिले, कागदावर काढले, म्हणून हे कोडे सुटत गेले. यंत्रे फार नंतर आली.

नावापासून सुरुवात

मराठीत या दुखण्याला अर्धशिशी म्हणतात. अर्ध आणि शीर्ष यांपासून आलेला हा शब्द आहे. दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गेलन याने त्याला 'हेमिक्रेनिया' म्हटले, म्हणजे अर्धी कवटी. त्याच शब्दाची झीज होत होत फ्रेंचमध्ये 'मिग्रेन' आणि पुढे आपल्याकडे चिठ्ठीवर लिहिले जाणारे 'मायग्रेन' झाले. एकमेकांपासून दूर असलेल्या दोन परंपरांनी एकाच लक्षणावरून नाव ठेवले. अर्थात दुखणे नेहमी अर्ध्याच डोक्यात असते असे नाही. लहान मुलांत तर ते बहुधा कपाळावर दोन्ही बाजूंना असते.

चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांत 'अर्धावभेदक' हा शिरोरोग येतो. सुश्रुताने अकरा शिरोरोग सांगितले, त्यांतला हा एक. पंधरा दिवसांनी, दहा दिवसांनी किंवा अकस्मात उठणारी अर्ध्या डोक्याची तीव्र वेदना, असे त्याचे वर्णन आहे. ही 'ठरावीक काळाने पुन्हा येते' ही नोंद महत्त्वाची, कारण आजही डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. चरकसंहितेने तर कारणांची यादीच दिली आहे : कोरडे अन्न, अति खाणे, पूर्वेचा वारा, दव, मलमूत्रादी वेग दाबून धरणे, अति श्रम, अति व्यायाम. यादीतली सगळी कारणे आजच्या कसोटीला उतरतील असे नाही. पण हवा, खाणे, श्रम आणि शरीराच्या गरजा अडवणे या चार गोष्टींभोवती आजचीही चर्चा फिरते. त्याच ग्रंथांत 'सूर्यावर्त' नावाचा आणखी एक विकार आहे. त्यात सूर्य वर चढतो तसे दुखणे चढते आणि सूर्य उतरला की उतरते. वैशाखात वऱ्हाडात राहिलेल्या माणसाला हे वर्णन समजावून सांगावे लागत नाही.

जॉन्सनचा सन

आता दिसण्याकडे वळू. विल्यम हाइड वुलस्टन हे नाव रसायनाच्या शिक्षकांना परिचित असेल. पॅलॅडियम आणि ऱ्होडियम ही मूलद्रव्ये त्यांनी शोधली. सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा १८०२ साली पहिल्यांदा पाहणारेही तेच. एकदा दोन-तीन तास जोराचे श्रम केल्यानंतर त्यांच्या लक्षात आले की समोरच्या माणसाचा अर्धाच चेहरा दिसतो आहे. एका दारावर 'जॉन्सन' असे नाव होते. त्यातला 'जॉन' नाहीसा झाला होता आणि फक्त 'सन' उरला होता. आपल्या एसटीच्या पाटीवर 'अकोला-अमरावती' लिहिलेले असावे आणि पाहणाऱ्याला नुसते 'अमरावती' दिसावे, तसे. सुमारे पाव तासात सगळे पूर्ववत झाले.

आपण घाबरून डोळ्यांत गुलाबपाणी घातले असते. वुलस्टन यांनी एकेक डोळा झाकून पाहिला. दोन्ही डोळ्यांना तीच, डावी बाजू दिसत नव्हती. बिघाड एका डोळ्यात असता तर दुसऱ्या डोळ्याने पूर्ण नाव वाचता आले असते. त्यावरून त्यांनी १८२४ साली रॉयल सोसायटीपुढे मांडले की प्रत्येक डोळ्यातून निघणाऱ्या चेतेतले निम्मे तंतू पलीकडे जातात आणि निम्मे त्याच बाजूला राहतात. त्यामुळे दोन्ही डोळ्यांच्या डाव्या दृष्टिक्षेत्राची माहिती मेंदूच्या उजव्या भागात एकत्र येते, आणि उजव्या क्षेत्राची डाव्या भागात. ही रचना आज आपण दहावी-बारावीच्या आकृतीत काढतो. तिच्यामागे दारावरची एक अर्धी पाटी आहे, हे मुलांना सांगायला हरकत नाही.

मात्र वुलस्टन यांची गोष्ट इथे संपत नाही. १८२८ साली त्यांचा मृत्यू झाला आणि शवविच्छेदनात मेंदूत गाठ सापडली. त्यांना पूर्वी, तरुणपणी आलेला झटका आणि शेवटच्या वर्षांतला झटका यांचे कारण एकच असेल असे म्हणता येत नाही. म्हणूनच 'अर्धे दिसले म्हणजे अर्धशिशीच' असा निकाल कोणीही परस्पर देऊ नये.

एअरी बापलेक

जॉर्ज बिडेल एअरी हे इंग्लंडचे राजखगोलज्ञ. त्यांचा आपल्या भागाशी दूरचा, पण खरा संबंध आहे. भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाची मुख्य रेषा ७८ अंश रेखावृत्ताच्या आसपास दक्षिणेकडून उत्तरेकडे गेली. त्या कामात असतानाच १८२३ साली कर्नल लॅम्टन हिंगणघाटला वारले. पुढे एव्हरेस्ट यांनी वऱ्हाडातून सातपुड्यापलीकडे मोजणी नेली, आणि त्या चापाचे एक प्रमुख ठाणे एलिचपूर परिसरातले टाकळखेडा होते. उत्तरेला या मोजणीत काही सेकंदांचा मेळ बसेना. हिमालयाने ओळंबा जितका ओढायला हवा तितका तो ओढत का नाही, या प्रश्नावर १८५५ साली एअरी यांनी दिलेले उत्तर भूगोलाच्या पुस्तकांत आहे : पर्वतांना खाली हलक्या खडकांची मुळे असतात. याच एअरींनी तरुणपणी स्वतःच्या डोळ्यातला दोष मोजून, दंडगोल भिंग घडवून घेऊन, दृष्टिवैषम्यावरचा पहिला चष्मा तयार केला होता. तेव्हा स्वतःच्या डोळ्यांचे निरीक्षण करण्याची सवय त्यांना जुनीच होती.

१८६५ साली भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी अर्धदृष्टीवर लेख लिहिला आणि तिचे कारण डोळ्याच्या दृष्टिपटलात असल्याचे सांगितले. एअरींनी लगेच उत्तर लिहिले. आपल्यालाही हे होते. नजरेच्या मध्याजवळ एक लहानसा धूसर ठिपका येतो, तो वाढत जाऊन कमानीसारखा होतो, कमानीची कड नागमोडी आणि थरथरती असते, वीस ते तीस मिनिटांत ती बाहेर सरकून नाहीशी होते. दोन्ही डोळ्यांना हे सारखेच दिसते, म्हणून जागा डोळ्यात नसून मेंदूत असली पाहिजे. बरोबर त्यांनी आकृतीही दिली. वयाने आणि मानाने मोठे असलेल्या ब्रूस्टर यांच्याविरुद्ध एका झाकलेल्या डोळ्याचा पुरावा पुरेसा ठरला.

त्यांचा मुलगा ह्यूबर्ट डॉक्टर झाला. त्यालाही हेच दिसे, आणि त्याला डोकेदुखीही होई. वडिलांना मात्र डोकेदुखी होत नसे. (हा प्रकारही पुष्कळ आढळतो; डोके न दुखता केवळ दृश्य येऊन जाते.) १८७० साली ह्यूबर्टने रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात मोठा निबंध छापला. त्यातल्या चित्रपट्टीत ठिपक्यापासून पूर्ण कमानीपर्यंतचे टप्पे क्रमाने रंगवले आहेत. नागमोडी कड त्याला बुरुजांच्या तटबंदीने वेढलेल्या, वरून पाहिलेल्या गावासारखी वाटली. म्हणून त्याने ग्रीक शब्दावरून 'तटदर्शन' अशा अर्थाचे नाव वापरले. तटाची उपमा त्याच्याही आधी, अठराव्या शतकाच्या अखेरीस, लंडनचे डॉक्टर जॉन फॉदरगिल यांनी दिली होती.

तटबंदी म्हटले की आपल्याला अमरावतीचा परकोट नाहीतर नरनाळ्याची डोंगरावरची भिंत आठवते. त्यापेक्षा अकोला जिल्ह्यातला बाळापूरचा किल्ला आठवावा. कोनाकोनांवर बुरूज आणि त्यांना जोडणारी भिंत. त्याचा नकाशा वरून काढला की जी कोनदार रेघ तयार होते, ती उजेडाची करून थरथरती ठेवावी. ह्यूबर्टचे चित्र फारसे वेगळे नाही. वर्गात मुलांना समजावताना 'डोळ्यांपुढे काजवे' एवढे म्हणून भागत नाही. काजवे म्हणजे ठिपके, ते उठून उभे राहिल्यावर अंधारी येतानाही दिसतात. कोनदार, हळूहळू सरकणारी रेघ ही वेगळी गोष्ट आहे.

मिनिटाला तीन मिलिमीटर

पुढची सत्तर वर्षे चित्रे जमत राहिली. उलगडा झाला नाही. मग अमेरिकेत कार्ल लॅश्ली या मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्या झटक्यांचा हिशेब मांडला. समोर कागदावर एक खूण करायची, तिच्यावर नजर रोखायची आणि कमानीची कड कुठे आली ते ठरावीक वेळाने कागदावर टिपायचे. दृष्टिक्षेत्राचा कोणता भाग मेंदूच्या मागच्या खंडात कुठे उमटतो, हे तोपर्यंत माहीत झाले होते. कागदावरचे अंतर त्याने मेंदूवरच्या अंतरात बदलले. १८४१ नव्हे, १९४१ साली, म्हणजे मेंदूची छायाचित्रे काढणारी यंत्रे यायच्या कितीतरी आधी, त्याने लिहिले की मेंदूच्या पृष्ठभागावरून काहीतरी मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने सरकत असावे. वीस मिनिटांत साधारण ६ सेंटिमीटर. मुंगीलाही कंटाळा येईल असा हा वेग आहे. चेतातंतूतले संदेश सेकंदाला कित्येक मीटर धावतात, रक्तवाहिनी आवळली तर परिणाम काही क्षणांत दिसतो. इतके संथ मेंदूत काय चालू शकते?

याचे उत्तर तीनच वर्षांनी, पण वेगळ्याच कामातून आले. ब्राझीलचे तरुण संशोधक आरिस्तिदेस लिआँव हार्वर्डमध्ये अपस्मारावर काम करत होते. सशाच्या मेंदूला विजेचा हलका धक्का दिला की झटक्याची विद्युतलहर पसरेल, अशी त्यांची अपेक्षा होती. झाले उलटेच. विद्युतक्रिया मंदावली, आणि ही मंदता धक्क्याच्या जागेपासून चहूकडे सरकत गेली. वेग मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर. १९४४ साली हे प्रसिद्ध झाले. दोन आकडे वेगवेगळ्या विषयांच्या नियतकालिकांत पडून होते. ते शेजारी ठेवून 'हे एकच असावे' असे ठामपणे मांडणारा पीटर मिल्नर यांचा छोटा लेख १९५८ साली आला.

आता कमानीचा सगळा थाट समजतो. लाटेच्या कडेवरच्या चेतापेशी क्षणभर अति उत्तेजित होतात, म्हणून चमकणारी कड. मागे पेशी काही काळ गप्प होतात, म्हणून कडेमागे आंधळा पट्टा. रेघा कोनदार का? मेंदूच्या दृष्टिभागातल्या पेशी ठरावीक दिशेच्या रेघांना प्रतिसाद देतात, हे ह्यूबेल आणि विझल यांनी १९५९ पासून दाखवले (त्याबद्दल त्यांना १९८१ मध्ये नोबेल मिळाले). लाट एकेका दिशेच्या पेशींना चाळवत जाते, आणि तुकड्या-तुकड्यांच्या रेघा दिसतात. कमान सुरुवातीला हळू आणि नंतर भरभर बाहेर जाते, हे कसे? लाटेचा वेग बदलत नाही, नकाशा विषम आहे. नजरेच्या मध्यभागाला मेंदूने फार मोठी जागा दिली आहे. वऱ्हाडाच्या नकाशात अर्धे पान अकोला शहराला आणि उरलेल्या अर्ध्यात सगळे जिल्हे कोंबले, तर पानावर एकाच वेगाने चालणारे बोट शहर ओलांडायला वेळ लावील आणि मग मेळघाट चुटकीसरशी पार करील. तसेच हे.

माणसाच्या मेंदूत ही लाट प्रत्यक्ष दिसायला मात्र २००१ उजाडले. बोस्टनमध्ये नूशिन हाजीखानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चुंबकीय प्रतिमांनी ती टिपली. झटका केव्हा येईल हे सांगता येत नाही, ही मोठी अडचण. त्यांना असा एक जण मिळाला की ज्याला जोरात बास्केटबॉल खेळल्यावर ठरून झटका येई. तो खेळून आला आणि यंत्रात पडून राहिला. वेग निघाला मिनिटाला सुमारे साडेतीन मिलिमीटर. लॅश्लीचा कागद-पेन्सिलीचा हिशेब साठ वर्षांनी जुळला.

कारणे कशी शोधावीत

दृश्य कसे तयार होते हे कळले, तरी त्या मुलीचा प्रश्न वेगळाच असतो : हे मला आजच का झाले? याला दवाखान्यात चाळवणारी कारणे म्हणतात. उपाशी राहणे, झोप कमी किंवा एकदम जास्त होणे, पाळीच्या आसपासचे दिवस, तीव्र उजेड, ऊन, पाणी कमी पिणे, ताण आणि ताण ओसरल्यानंतरचा दिवस (परीक्षा संपल्यावरच डोके उठते ते याच कारणाने), उग्र वास, रोजचा चहा चुकणे. ही यादी कोणत्याही पुस्तकात सापडते. आमच्या मते ती जशीच्या तशी पाठ करण्यात धोका आहे.

पहिला धोका म्हणजे आपल्याकडची कारणे परक्या यादीत नसतात. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांच्याकडे बायका सांगत की न्हायल्यावर, म्हणजे केस धुतल्यावर, अर्धशिशी उठते. पाश्चात्त्य पुस्तकांत असे कारणच नव्हते. त्यांनी ते हसण्यावारी नेले नाही. २००६ साली त्यांनी डोकेदुखीच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात १५०० रुग्णांपैकी अशा ९४ जणांची माहिती छापली. त्यांतल्या ११ जणांत न्हाणे हे एकमेव कारण होते. लांब, दाट केस, ते ओले राहण्याचा वेळ, आठवड्याचा ठरलेला न्हाण्याचा वार, हे सगळे आपल्याकडचे. कोणतीही आजी हे सांगू शकली असती. फरक इतकाच की कोणीतरी ते मोजले.

दुसरा धोका कारण आणि पूर्वसूचना यांची गल्लत होण्याचा आहे. झटक्याच्या आदल्या काही तासांत मेंदूत बदल सुरू झालेले असतात. जांभया येतात, चिडचिड होते, गोड खावेसे वाटते, उजेड टोचू लागतो. मग माणूस म्हणतो, 'गोड खाल्ले आणि डोके दुखले' किंवा 'उन्हाकडे पाहिले आणि दुखले'. खरे तर दुखणे आधीच निघालेले होते. डेन्मार्कमध्ये २०१३ साली एक साधा, पण धीट प्रयोग झाला. उजेडाने किंवा व्यायामाने आपल्याला दृश्यासह झटका येतो असे सांगणाऱ्या २७ जणांना खरोखरच तीव्र उजेड, दमवणारा व्यायाम किंवा दोन्हीही दिले. दृश्यासह झटका आला तो फक्त तिघांना. रुग्ण खोटे बोलत होते असे यातून निघत नाही. एकटे कारण पुरत नाही, किंवा ज्याला कारण समजतो ते लक्षण असते, एवढे निघते.

मग उन्हाचे काय? आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि ऊन हे सगळ्या दुखण्यांचे हक्काचे कारण असते. बोस्टनच्या एका रुग्णालयात डोकेदुखीसाठी तातडीने आलेल्या ७०५४ जणांच्या नोंदी २००९ साली अभ्यासल्या. आदल्या चोवीस तासांत तापमान ५ अंशांनी वाढले तर असे येण्याचा संभव सुमारे साडेसात टक्क्यांनी वाढलेला दिसला. परिणाम आहे, पण माफक. आणि बोस्टनचे ऊन म्हणजे अकोल्याचे नव्हे. उन्हाबरोबर आपल्याकडे आणखी चार गोष्टी येतात : घाम जाऊन पाणी कमी होते, गच्चीवर किंवा कूलरच्या आवाजात झोप मोडते, लग्नसराईत जेवण दुपारी तीनला मिळते, आणि चतुर्थी-एकादशीचे उपवास चालूच असतात. यातले नेमके कोण, हे ठरवायचे कसे?

वही ठेवून. पण ती कशी ठेवावी यातच सगळे आहे. बहुतेक लोक झटका आला त्या दिवसाचीच नोंद करतात. समजा, ६० दिवसांत ६ झटके आले आणि त्यांतले ४ उन्हात हिंडलेल्या दिवशी आले. सहापैकी चार म्हणजे ऊनच गुन्हेगार, असे वाटते. पण त्या ६० दिवसांत ती मुलगी एकूण ४० दिवस उन्हात गेली होती. ४० दिवसांत ४, आणि सावलीतल्या २० दिवसांत २. दोन्हीकडे प्रमाण दहात एक. ऊन निर्दोष ठरले. आता जेवणाचा रकाना पाहू. जेवण फार उशिरा झाले असे १२ दिवस, त्यांत ४ झटके, म्हणजे तीन दिवसांत एक. उरलेल्या ४८ दिवसांत २, म्हणजे चोवीस दिवसांत एक. इथे काहीतरी आहे. हे आकडे आम्ही उदाहरणासाठी घेतले आहेत, पण गणिताच्या शिक्षकांना संभाव्यतेच्या धड्यासाठी याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही. झटका न आलेल्या दिवसांचीही नोंद हवी, हे मुलांच्या गळी उतरले की पुष्कळ झाले. सूर्योदयापूर्वी दूध-जिलबी खाण्याचा घरगुती उपाय ज्यांना लागू पडतो, त्यांच्या बाबतीतही जिलबीपेक्षा 'सकाळी उपाशी न राहणे' हे कारण असू शकेल. वहीने तेही तपासता येईल : जिलबीऐवजी भाकरी खाऊन पाहावी.

उतार

उपायांचा इतिहास थोडक्यात सांगतो. राय नावाच्या धान्यावर पडणाऱ्या अरगट बुरशीतून १९१८ साली स्विस रसायनज्ञ आर्थर स्टोल यांनी अर्गोटामीन वेगळे केले, आणि १९२५ पासून ते अर्धशिशीवर वापरात आले. (आपल्या ज्वारीवरचा चिकटा हा अरगटाच्याच कुळातल्या बुरशीचा रोग; पण त्याच्यात औषध शोधायला जाऊ नये.) पुढे अर्धी शतके 'रक्तवाहिन्या फुगतात म्हणून दुखते' हा समज टिकला, कारण वाहिन्या आवळणारे हे औषध गुण देई. आज तो समज मागे पडला आहे. १९६६ साली हृदयविकारासाठी प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्या रुग्णाची अर्धशिशी कमी झाली, आणि वारंवार झटके येणाऱ्यांसाठी रोज घ्यायचे प्रतिबंधक औषध योगायोगाने हाती लागले. १९९१ साली खास या दुखण्यासाठी घडवलेले सुमाट्रिप्टान आले. २०१८ पासून वेदनेचा निरोप नेणाऱ्या एका लहान प्रथिनालाच अडवणारी इंजेक्शने मिळू लागली. ती महाग आहेत.

चालू असलेली कमान मध्येच थांबवणारे खात्रीचे औषध मात्र यांत नाही. ती आपणहून सरते. त्या वेळात सायकल किंवा गाडी चालवू नये, रस्ता ओलांडू नये. बसावे, डोळे मिटावे, पाणी प्यावे. कपाळाला गार फडके किंवा घट्ट बांधलेला रुमाल पुष्कळांना बरे वाटायला लावतो, त्यात तोटा नाही. वेदनाशामक गोळी दुखणे सुरू होताच, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत घेतली तर उपयोगी पडते, उशिरा घेतली तर उलटीत जाते. सोळा वर्षांखालच्या मुलांना ॲस्पिरिन देऊ नये.

गोळ्यांबद्दल एक गोष्ट गावोगावच्या किराणा दुकानांमुळे सांगणे भाग आहे. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, आणि अर्गोटामीन, ट्रिप्टान किंवा मिश्र गोळ्या १० किंवा अधिक दिवस, अशा तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या की त्या गोळ्यांमुळेच रोज डोके दुखू लागते. अशा माणसाला आणखी गोळी देणे म्हणजे विहिरीत दोर सोडण्याऐवजी पाणी सोडणे. ज्या स्त्रियांना दृश्यासह अर्धशिशी आहे त्यांनी इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. हे त्यांनी डॉक्टरांना आपणहून सांगावे. प्रत्येक ठिकाणी विचारले जाईलच असे नाही.

कर्नाटकात झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत प्रौढांपैकी सुमारे २५ टक्क्यांना वर्षभरात अर्धशिशी झालेली आढळली. वयात येईपर्यंत मुलगे-मुली यांत फार फरक नसतो. त्यानंतर मुलींचे प्रमाण दुपटी-तिपटीने वाढते. दृश्य दिसणारे यांतले थोडेच, पण चाळीस-पन्नासांच्या वर्गात एखादे मूल तसे असणे अगदी शक्य आहे.

ते ओळखायला शिक्षकाला उपकरण लागत नाही. एकेक डोळा झाकायला सांगावे. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसते का, हळूहळू वाढत सरकते का, पाच मिनिटांपासून तासाभरात जाते का, हे विचारावे. एकाच डोळ्यापुढे पडदा आला, किंवा अचानक चमका आणि काळे ठिपके दिसू लागले, तर ते दृष्टिपटलाचे काम असू शकते आणि नेत्रतज्ज्ञाकडे त्याच दिवशी जावे. हातापायातली शक्ती गेली, बोलणे अडखळले, ताप आणि मान आखडणे बरोबर असले, दुखणे क्षणात शिगेला पोचले, रोज सकाळी उलट्या होऊ लागल्या, किंवा पन्नाशीत हे पहिल्यांदाच झाले, तर जिल्ह्याच्या रुग्णालयात न्यायला वेळ लावू नये. पहिला झटका तर डॉक्टरांना दाखवावाच.

आणि मुलाला कागद-पेन्सिल द्यावी. मध्ये एक टिंब, त्यावर नजर, दर तीन मिनिटांनी कडेची एक रेघ, शेजारी घड्याळातली वेळ. त्रास फार नसेल तरच. चार-पाच रेघा झाल्या की ह्यूबर्ट एअरीच्या चित्रपट्टीसारखे काहीतरी तयार होते. दवाखान्यात तो कागद बरोबर न्यावा; 'डोळ्यांपुढे कसंतरी होते' या वाक्यापेक्षा डॉक्टरांना त्यातून लवकर कळते.